वाढत्या अंगाची शिलाई

माझी सून शाळेचे गणवेश शिवते. खिडकीपाशी तिचं मशीन आहे, शेजारी कापायचं टेबल, भिंतीवरच्या दांडीला तयार शर्ट आणि स्कर्ट. सकाळी सातला ती मशीनवर बसते. गळ्यातला टेप झोपतानाच काय तो निघतो.

मी चाळीस वर्षं फरश्या बसवल्या. गुडघे त्यातच गेले. बसून केलेल्या कामाला मी काम म्हणत नसे. ती लग्न होऊन आली तेव्हा मला वाटायचं, ही बाई दिवसभर पाय हलवते, एवढंच. मग एकदा एक गृहस्थ मुलाच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून आले. तिने बटण लावलं, शर्ट उजेडात धरला आणि म्हणाली, "पंधरा मिनिटं बसा." एका खांद्याची शिवण दुसऱ्यापेक्षा दोन दोरे पुढे गेली होती. त्या गृहस्थांना ती दाखवूनही दिसेना. तिने दोन्ही खांदे उसवले आणि पुन्हा घातले. त्या दिवसापासून मी तिच्या कामाला काम म्हणतो.

तिची एक पद्धत आहे. मुलांचा कपडा ती वाढत्या अंगाचा शिवते, ते सगळेच शिंपी शिवतात. पण बाकीचे खाली एक जाड पट्टी दुमडून मोकळे होतात. ही तीन दुमडी घालते, प्रत्येक बोटभर रुंदीची, प्रत्येकीला वेगळा कच्चा टाका. मूल वाढलं की आईबाप कपडा घेऊन येतात. ही मुलाला उभं करते आणि आधी पायांकडे बघते.

"बूट कधी घेतले?"

"चार महिने झाले असतील."

"आणि आत्ताच घट्ट होतायत? मग एक नाही, दोन दुमडी सोडते. सहा महिन्यांनी पुन्हा यावं लागेल."

लोक सहा महिन्यांनी येतातच. बूट आधी लहान होतात, मग स्कर्ट, हे ती कुठे शिकली नव्हती. वीस वर्षं पोरांची मापं घेतली, त्यातून आलं.

आता तिच्या स्वतःच्या मुलीचं सांगतो. माझी एकुलती एक नात. लहानपणी दिसेल ते कुरतडायची म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो. पुढे शाळेतली पोरंही म्हणायला लागली, ती मात्र दातांवरून. तिचा खालचा जबडा मागे होता. तोंड मिटलं तरी वरचे पुढचे दात बाहेर, खालच्या ओठावर टेकलेले. हसताना ती हात आडवा धरायला लागली. तेव्हा मी ते नाव टाकलं.

ती नऊ वर्षांची असताना शाळेत दात तपासले आणि चिठ्ठी पाठवली, दात-जबड्याच्या डॉक्टरांना दाखवा. सूनबाईने ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. माझा मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो, म्हणून असल्या गोष्टी माझ्याकडे येतात.

मी म्हणालो, थांब. ताज्या भरावावर फरशी घालणारा गडी मी कधी कामावर ठेवला नाही. भराव टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचा आणि बसू द्यायचा. हलत्या जमिनीवर फरशी घातली तर वर्षभरात पोकळ वाजते. पोरीचं तोंड अजून वाढतंय. वाढ पुरी होऊ दे, मग एकदाच काय ते करू.

तिने चिठ्ठी मशीनच्या खणात ठेवली. पुन्हा विषय काढला नाही.

पोरगी अकरा वर्षं नऊ महिन्यांची असताना शाळेच्या पायरीवर तोंडघशी पडली. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. नेहमीच्या दंतवैद्याने तो भरून दिला आणि म्हणाला, "दात एवढे पुढे असतात तेव्हा पहिला मार त्यांनाच बसतो. जबड्याकडे बघायला हवं, आणि लवकर." तिसऱ्या दिवशी ती जुनी चिठ्ठी घेऊन आम्ही तिघं दात-जबड्याच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या सुनेच्या वयाची बाई. मापाला पक्की आहे हे मला लगेच कळलं. टेबलावर सगळ्या पट्ट्या एका रेषेत होत्या.

तिने पोरीचे दात बघितले, एक बारीक पट्टी आत धरली आणि म्हणाली, "वरच्या आणि खालच्या दातांत अकरा मिलिमीटरचं अंतर आहे. दात थोडेच पुढे आहेत, खरा प्रश्न खालचा जबडा मागे आहे हा. नऊ वर्षांची असतानाच चिठ्ठी दिली होती ना?"

"मीच थांबवलं," मी म्हणालो, आणि भरावाचं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, तुमची जमीन खाली बसते. माझी पुढे वाढते. मला ती वाढत असतानाच हवी."

मग तिने समजावून सांगितलं. वाढ वर्षानुवर्षं सारख्या वेगाने होत नाही. वयात येताना उंची एकदम झपाट्याने वाढते, आणि साधारण त्याच सुमारास खालचा जबडाही जोरात वाढतो. मुलींमध्ये बहुतेक अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी. पण प्रत्येकाचं वेगळं, वाढदिवसावरून सांगता येत नाही. त्या दिवसांत जबडा पुढे धरायला लावणारं साधन तोंडात घातलं, तर वाढ आपल्या कामी येते. ते दिवस निघून गेले की दात हलवता येतात, जबडा फारसा नाही.

"नवव्या वर्षी मी काही बसवलं असतंच असं नाही," ती म्हणाली. "फक्त नजर ठेवली असती. आता प्रश्न एकच आहे. तिचा तो जोर अजून यायचाय, की येऊन गेला?"

चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला. तिने तो उजेडावर लावला आणि जबडा सोडून मानेचे मणके दाखवायला लागली. मणके लहानपणी खालून सपाट असतात. वय वाढतं तशी एकेकाची खालची कड आत खोलगट होत जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्याची झालेली होती. चौथ्याची झाली असेल तर जोर बहुधा ओसरला, नसेल तर अजून हातात आहे. तिने चौथ्याच्या कडेला पट्टी लावली. मीही वाकून बघितलं. कडा बघण्यात माझं आयुष्य गेलं. पट्टीखालून उजेड येत होता आणि नव्हताही.

"छातीठोक सांगता येत नाही," ती म्हणाली.

मग तिने सूनबाईला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. बायकांमधला प्रश्न होता. सूनबाईने मान हलवून नाही म्हटलं. "हे आपल्या बाजूचं आहे," डॉक्टर म्हणाली. "पण मला अजून एक पुरावा हवा. उंचीची नोंद आहे का? मागच्या तीन-चार वर्षांची?"

शाळेचं कार्ड होतं. त्यावर कोणीतरी लागोपाठ दोन वर्षं एकच आकडा उतरवून ठेवला होता. त्या हिशेबाने पोरगी दोन वर्षं वाढलीच नव्हती.

माझी मात्र छाती फुगली. आमच्या आतल्या खोलीच्या दाराची चौकट. दर वाढदिवसाला मी तिला तिथे उभी करतो, डोक्यावर काटकोन्या धरतो आणि टोकदार पेन्सिलीने रेघ मारतो. टाचा टेकल्या का बघतो, केस दाबतो. दुसऱ्या वर्षापासून एकही चुकलेली नाही.

"आकडे आणून देतो," मी म्हणालो. "मिलिमीटरचा फरक निघाला तर सांगा."

संध्याकाळी टेप लावला आणि कागदावर आकडे उतरवले. नवव्या वाढदिवसाला एकशे पंचवीस सेंटिमीटर. दहाव्याला एकशे तीस. अकराव्याला एकशे एकोणचाळीस. आज एकशे त्रेचाळीस. दोन दिवसांनी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. तिने आलेखाच्या कागदावर ठिपके दिले आणि जोडले. रेघ दहा ते अकराच्या मध्ये उभी चढली आणि पुढे कलली.

तिने त्या चढणीवर पेन्सिल टेकवली. मग म्हणाली, "एका वर्षात नऊ. आणि आता वेग कमी झालेला. हे जोर येऊन गेल्यासारखं दिसतंय."

"मग?" सूनबाईने विचारलं.

"मग अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत थांबून शस्त्रक्रिया. खालचं हाड कापून पुढे आणतात. नाहीतर वरचे दोन दात काढून बाकीचे मागे ओढायचे. त्याने दात झाकले जातील, जबडा आहे तिथेच राहील."

"साधन लावून तर बघू."

"बघता येईल. पण वर्षभर तिचं तोंड अडकवून ठेवायचं आणि हाताला काही लागायचं नाही, हे मला पटत नाही. शुक्रवारी या. तोवर एक्स-रे माझ्या सरांना दाखवते."

परत येताना बसमध्ये पोरगी आमच्या मध्ये बसली होती. मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढत होती. मग म्हणाली, "आजोबा, हाड कशाने कापतात? करवतीने?"

सूनबाई म्हणाली, "अजून कोणी काही कापत नाहीये. तू तुझी पिशवी सांभाळ."

घरी आल्यावर ती मशीनवर बसली. दोरा ओवला. पण मशीनचा आवाज आला नाही. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून तेच ते मोजत होतो. नववं वर्ष. दहावं. त्या दोन वर्षांत कधीही गेलो असतो तर डॉक्टरांची नजर राहिली असती. मी भराव बसायची वाट बघत बसलो. वाईट काम मी आयुष्यात केलं असेल, पण असं नाही की ते उखडून पुन्हा घालता येऊ नये.

आत जुन्या कपड्यांच्या पेटीचं झाकण वाजलं. मग तिची हाक आली.

"बाबा, इकडे या जरा. चष्मा घेऊन या."

टेबलावर पोरीचा जुना स्कर्ट उलटा पसरलेला होता. निळा, धुऊन धुऊन फिका पडलेला. खालच्या बाजूला दोन आडव्या गडद रेघा होत्या. दुमड सोडली की तिथलं झाकलेलं कापड गडद राहतं, त्याची खूण.

"हा तिने नवव्या वाढदिवसापासून दोन वर्षांच्या वर घातला," ती म्हणाली. "ही पहिली दुमड दहावा वाढदिवस झाल्यावर सोडली. ही दुसरी अकरावा झाल्यावर. बघा, मध्ये काही आहे का?"

"नाही."

"तिसरी दुमड अजून शिवलेलीच आहे. बाबा, वर्षाला पाच सेंटिमीटर वाढणाऱ्या पोरीला एक दुमड लागते. नऊ वाढली असती तर मला दोन सोडाव्या लागल्या असत्या. नाहीतर ती गुडघे उघडे टाकून शाळेत गेली असती. मी तिला तशी पाठवली असती का?"

"चौकटीवर मी स्वतः रेघा मारल्यात."

"आणि इथे मी मारल्यात."

"माझं माप चुकत नाही, सूनबाई."

"माझंही नाही. मग दोघांपैकी काहीतरी हललंय."

मी टेप घेऊन चौकटीकडे गेलो, तिला दाखवून द्यायलाच. खाली वाकलो, टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि हात तिथेच राहिला. बोटाखाली माझी फरशी होती. मी बसवलेली.

निवृत्त झालो त्या वर्षी घरातली जुनी जमीन खराब झाली होती. उखडायची म्हणजे महिनाभर धूळ, आणि घरात शिवणकाम. म्हणून जुन्यावरच सिमेंटचा मसाला घालून नवी फरशी बसवली. पोरीचा दहावा वाढदिवस होऊन महिना झाला होता. जमीन वर आली. दार अडायला लागलं म्हणून मी ते बिजागऱ्यांतून काढून खालून कापलं. चौकट जागेवरच राहिली, आणि तिच्यावरच्या रेघाही. दहाव्या वर्षापर्यंतच्या रेघा जुन्या जमिनीवरून मारलेल्या, त्यापुढच्या नव्या. मी सगळ्या नव्या जमिनीवरून मोजल्या.

"दाराची कापलेली पट्टी कुठे गेली?" मी विचारलं.

सूनबाईने टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. खडूने सरळ रेघ मारायला ती रोज तीच वापरते. मीच रंधा मारून दिली होती आणि विसरलो होतो. रुंदी मोजली. करवतीने भुशात गेलेलं धरून बरोबर चार सेंटिमीटर.

कागद घेतला. जुन्या दोन आकड्यांत चार-चार मिळवले. एकशे एकोणतीस, एकशे चौतीस, एकशे एकोणचाळीस, आणि नऊ महिन्यांत एकशे त्रेचाळीस. पाच, पाच, आणि त्याच चालीने पुढे. कुठेच उभी चढण नव्हती. नऊमधले चार पोरीचे नव्हते, माझ्या फरशीचे होते.

गुडघ्यांमुळे मी जमिनीवर बसत नाही. तेव्हा बसलो.

सूनबाई आकड्यांकडे बघत उभी होती. तिने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "जगाच्या फरश्या लेव्हलमध्ये, आणि घरच्या चौकटीला चार सेंटिमीटरचा झोल."

"बोल," मी म्हणालो. "आज काय ते बोलून घे."

"बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते. ती चिठ्ठी आली तेव्हा मला तुमचं पटलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत तुमच्या हातची एक फरशी पोकळ वाजलेली ऐकली नाही. म्हणून गप्प बसले." जरा थांबून म्हणाली, "यापुढे नाही बसणार."

"नको बसूस."

पोरगी दारात येऊन उभी राहिली होती. "आजोबा खाली का बसलेत?"

"फरशी तपासतायत," तिची आई म्हणाली.

शुक्रवारी आम्ही डॉक्टरांकडे स्कर्ट घेऊन गेलो. आणि लाकडाची पट्टी. सूनबाईने टेबलावर स्कर्ट पसरला आणि सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरने त्या गडद रेघांवरून बोट फिरवलं. नवे आकडे घेऊन ठिपके पुन्हा जोडले. या वेळी रेघ साधीसरळ चढत गेली.

"एक्स-रेबद्दल सरही म्हणत होते, चौथा मणका अजून सपाट धरावा," ती म्हणाली. "फक्त हे नऊ सेंटिमीटर बसत नव्हते. अजून काही बदल दिसतो का तिच्यात?"

"बूट," सूनबाई म्हणाली. "गेल्या महिन्यात घट्ट झाले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं तसंच असतं. आधी बूट जातात, मग सहा महिने मला उसंत नसते."

डॉक्टर हसली. "पाय आधी वाढतात, खरं आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकांनी."

"मग ऐका. तिचा जोर अजून यायचाय, किंवा आत्ता येतोय. आपल्याला उशीर झालेला नाही. मी किती जबडा पुढे येईल याचं वचन देत नाही. थोडं काम जबडा करेल, थोडं दात करतील. पण मला हवी होती ती वेळ ही आहे. आजच माप घेते."

सूनबाईने गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळत बसली. पोरीच्या तोंडाचा साचा घेऊन होईपर्यंत ती तो गुंडाळत आणि सोडत होती. घराबाहेर तिने टेप काढलेला मी कधी बघितला नव्हता.

साधन दोन तुकड्यांचं होतं, एक वर, एक खाली. दोन्हीला उतरते ठोकळे. तोंड मिटलं की वरचा ठोकळा खालच्याला पुढे सरकायला लावतो, त्यामुळे जबडा पुढे धरूनच तोंड मिटतं. जेवतानासुद्धा काढायचं नाही, फक्त दात घासताना. पहिला आठवडा वाईट गेला. लाळ गळायची, गाल दुखायचे, बोलणं बोबडं. मी म्हणालो, कामाच्या पहिल्या आठवड्यात माझे गुडघेही असेच रडले होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोरीने ते शाळेत काढून ठेवायला सुरुवात केली. तिच्या आईने साधनाच्या डबीसाठी बटणाची पिशवी शिवून दिली होती. एका संध्याकाळी सूनबाईने ती पिशवी हातात घेतली.

"काज सैल झालंय," ती म्हणाली. "दात घासायला दिवसातून दोनदा उघडली तर एवढं सैल होत नाही."

पोरगी खाली बघायला लागली. "सगळे हसतात."

"हसू देत. हा कच्चा टाका आहे. पुढे दातांना तारा लागतील ती पक्की शिलाई. कच्चा टाका काढून टाकायचाच असतो, पण आहे तोवर तो घट्टच हवा. नाहीतर पक्की शिलाई वाकडी बसते."

त्यानंतर काज आणखी सैल झालं नाही. श्रम पोरीचे आहेत, हे मी लिहून ठेवतो. दिवसाचे बावीस-तेवीस तास तोंडात परकी वस्तू धरून तिने अभ्यास केला, जेवली, भांडली. आम्ही फक्त मापं घेतली.

आता सात महिने झाले. अकराचं अंतर पाचवर आलंय. ओठ मिटतात. उंची साडेपाचने वाढली, ती मी आता दर महिन्याला मोजतो. चौकटीच्या तळाशी आडवी रेघ मारून लिहिलंय, इथून नवी फरशी. डॉक्टर म्हणते, अजून काही महिने हे साधन, मग तारा. शस्त्रक्रियेचं नाव ती काढत नाही. मीही विचारत नाही.

गणवेशाच्या दुमडी संपल्या. कालच सूनबाईने नवीन स्कर्ट कापला आणि पोरीला माझ्या फरशीवर उभं करून घेर टाचायला बसली. पोरीला वाढत्या अंगाचा नको होता, आजच्या मापाचा हवा होता, मैत्रिणींसारखा. ती ते घाईघाईने सांगत होती, आणि घाई केली की साधनामुळे अजूनही तिचं अर्धं बोलणं आतच राहतं. आईच्या ओठांत सहा टाचण्या. तीही काहीतरी उत्तर देत होती. एकीचं दुसरीला कळेना. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"ती म्हणते, दुमडी नकोत," मी सुनेला सांगितलं. मग पोरीला म्हणालो, "आणि तुझी आई म्हणते, चार घालणार."

पोरगी हसली. तोंडावर हात न धरता.